येफीमचे दात, कापितोलिनाचा गॅस

शनिवारी सकाळी गॅसवाल्यांचा मुकादम फाटकातल्या र्‍याबिनेच्या झाडावर, तोडायची खूण म्हणून, लाल रंगाची फुली मारून गेला, आणि त्याची गाडी वळणापलीकडे जाते न जाते तोच येफीम सावेल्येविचने चुन्याची बादली आणून ती फुली पांढरी करून टाकली. एकट्या र्‍याबिनेला चुना फासला तर लबाडी उघडी पडेल, म्हणून त्याने बाजूच्या सफरचंदाच्या तिन्ही झाडांनाही फासला. हे काम पानगळ झाल्यावर करायचं असतं, सप्टेंबरात नव्हे. लुचिनिनो गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

रविवारी मुलगा रोदिओन आणि सून आलेव्तीना कोस्त्रोमा शहरातून आले, तेव्हा येफीमची बायको कापितोलिना कमरेवर हात ठेवून फाटकातच उभी होती.

"बघा बापाचे उद्योग! आयुष्यभर मी गॅसची वाट बघितली. आता नळी दाराशी आली, तर हा बसलाय चुना लावत. झाडाला नाही रे, मला लावतोय."

"आई, आधी आत तर येऊ दे," रोदिओन म्हणाला.

"ये की. आत काय गॅस पेटलाय? लाकडंच आहेत. येताना दोन ओंडके उचलून आण."

रोदिओनने निमूटपणे ओंडके उचलले. अंगण अरुंद होतं. डावीकडे विहीर, उजवीकडे बटाट्यांचं तळघर, आणि मधल्या पट्ट्यात बरोबर ही र्‍याबिना, अंगभर लाल घोस मिरवत. रस्त्यावरून घरात नळी यायची तर हिच्याच मुळांतून. मुकादमाने स्वच्छ सांगितलं होतं: सोमवारी सकाळपर्यंत झाड गेलं तर नळी घरात, नाही तर आम्ही पुढच्या गावाला. परत कधी येणार ते देवाला ठाऊक, आणि देव काही गॅस कंपनीत नाही.

आलेव्तीनाच्या गाडीत मागच्या बाजूला एक र्‍याबिनेचं रोप आडवं ठेवलेलं होतं, मुळांना ओलं पोतं गुंडाळून. कलमी, गुलाबी फळांचं. ती कोस्त्रोमाच्या बागांचे आराखडे करायची, आणि आजवर तिने शेकड्यांनी र्‍याबिना लावल्या होत्या. तिच्या मते जगात याहून बिनतक्रारी झाड नव्हतं. पाणी साचू द्यायचं नाही, खोडाचा बुंधा मातीत गाडायचा नाही, शेण घालायचं नाही, पहिली दोनतीन वर्षं काठीचा आधार आणि उन्हाळ्यात थोडं पाणी. मग ते झाड माणसाकडे ढुंकून बघत नाही. उणे चाळीसात उभं राहतं आणि वसंतात फुलतं. ज्या झाडाला काही म्हणजे काही लागत नाही, त्याच्यावरून या घरात दर सणाला इतकं भांडण का लागतं, हे तिला लग्न झाल्यापासून कळलेलं नव्हतं.

"पुन्हा आणलंस?" सासूने गाडीत डोकावून विचारलं.

"हो आई. कुंपणाच्या कोपऱ्यात लावू, नळीपासून लांब. आणि या वेळी शेण घालायचं नाही."

"मागच्या वेळी मी प्रेमानेच घातलं होतं."

"म्हणूनच मेलं ते."

कापितोलिनाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की शेणाने कुठलं झाड मेलेलं तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

स्वयंपाकघरात येफीम खिडकीशी बसून चहा पीत होता. शेजारी त्याची थोरली बहीण प्रास्कोव्या. ती लगतच्या घरात एकटी राहायची आणि कोबीची कचोरी भाजल्याचा वास आला की बोलावण्याची वाट बघायची नाही.

"आलात?" येफीम म्हणाला. "झाड तोडायला आला असाल तर जेवा आणि जा."

"बाबा, तोडायला कुणी आलेलं नाही. बोलायला आलोय."

"तेच ते. आधी बोलतात, मग तोडतात."

रोदिओनने कपाळावर हात मारला. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. आईची कवळी त्यानेच बनवली होती, आत्याची त्यानेच, अर्ध्या गावाची त्यानेच. फक्त बाप सत्तरी उलटली तरी तोंडभर स्वतःचे दात घेऊन हिंडत होता, आणि ते दात म्हणजे र्‍याबिनेची कृपा असं अख्ख्या लुचिनिनोत सांगितलं जात होतं. धंद्याचा याहून मोठा अपमान कुठला?

"आत्या, तू तरी सांग त्याला," तो म्हणाला.

"मी काय सांगू? मी होते तिथे." प्रास्कोव्याने बशी पुढे ओढली. "नऊ वर्षांचा होता. गाल हा एवढा. तीन दिवस बोंबलत होता. आईने पहाटे नेलं फाटकात, गुडघ्यावर बसवलं, झाडाला मिठी मारायला लावली, मुका घ्यायला लावला. मी मागे उभी. 'र्‍याबिना, र्‍याबिना, माझं दुखणं घे. मरेपर्यंत तुला खाणार नाही, मोडणार नाही, कुणाला मोडू देणार नाही.' दुसऱ्या दिवशी सूज उतरली."

"गळू फुटलं असणार, आत्या. फुटलं की सूज उतरतेच."

"फुटलं. पण फोडलं कुणी?"

रोदिओनने दुसरी बाजू धरली.

"बरं. बाबा, शब्द तू दिलास ना? तू उद्या सकाळी गालिच शहरात जा. बाजार कर, मित्राकडे बस. आम्ही तुझ्या मागे काय करू ते आमचं पाप."

"मोडू देणार नाही असं म्हटलंय मी. माहीत असून बाजाराला गेलो, म्हणजे मोडू दिलंच."

"समज, माहीत नव्हतं."

"आत्ता सांगितलंस की!"

कापितोलिनाने कचोरीचं ताट टेबलावर असं आपटलं की चहा सांडला.

"वकील व्हायला हवा होतास तू, वेल्डर कशाला झालास? देवाला मानलं नाही, पक्षाला मानलं नाही, डॉक्टरला मानत नाही. मानतोस कुणाला, तर झाडाला! सायबेरियात दलदलीत बसून परदेशी जाणाऱ्या गॅसच्या नळ्या जोडल्यास. तिकडच्या बायका तुझ्या नळीवर अंडी तळतायत, आणि तुझी बायको इथे पहाटे उठून बर्फातून ओंडके वाहतेय. दारात झाड फळांनी वाकलंय, आणि मुरंब्याला फळं आणायला मी जाते जंगलात! का, तर घरची तोडायची नाहीत. घरची पाखरांना!"

"पाखरांनी शब्द दिलेला नाही," येफीम म्हणाला.

"कापितोलिना, शब्द म्हणजे शब्द असतो," प्रास्कोव्या मधे पडली. "आपल्या आईवडिलांनी..."

"तू गप्प बस गं! तुझ्या घरी बुधवारी गॅस पेटणार. निळ्या ज्योतीवर दूध तापवत मला शब्दाची थोरवी सांगायला येशील."

प्रास्कोव्या लाल झाली. तिचं खरं दुखणं तेच होतं. स्वतःच्या अंगणात नळी घ्यायला तिने एका दिवसात होकार दिला होता, आणि त्या बदल्यात भावाची बाजू घेतल्याने निदान मन साफ राहील असा तिचा हिशेब होता. आता तोही फसला.

"मी गेल्या हिवाळ्यात तुला बर्फातून उचललं नसतं ना," ती म्हणाली, "तर बोलायला राहिली नसतीस."

"तेच म्हणतेय मी!"

यंदाच्या फेब्रुवारीत कापितोलिना लाकडांच्या कोठीजवळ पडली होती, हातात ओंडके घेऊन. खुब्यात आता खिळा होता. येफीमला हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर जड उचलायला बंदी होती. लाकडं फोडून द्यायला गावात माणूस मिळायचा, पण कोठीतून घरात दिवसातून तीनदा आणायची कुणी, हे कुणालाच माहीत नव्हतं.

"मी शेवटचं सांगते," कापितोलिना खाली बसली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून रोदिओन घाबरला. "उद्या झाड गेलं तर मी इथे राहीन. नाही गेलं, तर थंडी पडली की मी पोराकडे जाणार. यंदा मी एक काटकी उचलणार नाही. तू बस तुझ्या र्‍याबिनेला मिठी मारून, ती देईल ऊब."

"धमकी देतेस?"

"कंटाळले रे. धमकी द्यायला अंगात जोर लागतो."

येफीमने खिडकीबाहेर पाहिलं. चाळीसेक वर्षांत ती बऱ्याचदा जाते म्हणाली होती, आणि दर वेळी भांडी आपटत राहिली होती. आज ती भांडी आपटत नव्हती.

आलेव्तीनाला या घरात श्वास कोंडल्यासारखं झालं. ती मोजपट्टी घेऊन बाहेर गेली, रोपासाठी कोपरा बघायला म्हणून. जाता जाता सवयीने तिने र्‍याबिनेच्या खोडाभोवती पट्टी फिरवली. चुन्याने हात भरले. मग ती थांबली, पुन्हा मोजलं, वर फांद्यांकडे बघितलं, आणि भुवया आक्रसून परत आत आली.

"येफीम सावेल्येविच, हे झाड तुमच्या लहानपणीचं नाही."

"काय?"

"खोड फार बारीक आहे. सालही अजून गुळगुळीत आहे. ऐंशी वर्षांची र्‍याबिना अशी नसते, तिची साल फाटलेली असते, आतून पोखरलेली असते. ही चाळीसची. फार तर पंचेचाळीस."

"शहरातली माणसं मोजपट्टीने देव मोजतात," प्रास्कोव्या फिस्कारली. "हीच ती. इथेच होती."

"जागा हीच असेल, आत्याबाई. झाड हे नाही."

रोदिओनचे डोळे चमकले. "म्हणजे बाबा, ज्या झाडाला शब्द दिला ते झाडच नाही! मग प्रश्नच मिटला!"

त्याने आनंदाने आईकडे पाहिलं. तिला आता नाचायला हवं होतं. पण कापितोलिनाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"थंडीने खुरटलं असेल," ती म्हणाली.

"र्‍याबिना थंडीने खुरटत नाही, आई."

"मग शेण कमी पडलं असेल! सगळं कसं तुला एकटीला कळतं?"

सून गोंधळली. ती सासूच्या बाजूने लढत होती, आणि सासू तिच्याच पुराव्यावर तुटून पडत होती. तिने नवऱ्याकडे बघितलं; तोही तसाच बघत होता.

कापितोलिनाला चाळीस वर्षांपूर्वीचा एक फेब्रुवारी आठवत होता. येफीम सायबेरियात होता, आणि तिने बकरी फाटकातल्या झाडाला बांधली होती, एका दुपारपुरती. एका दुपारपुरती म्हणता म्हणता आठवडा झाला. बकरीने झाडाची साल सगळीकडून गोल सोलून खाल्ली. मे महिन्यात एक पान फुटलं नाही. सासू म्हणाली, पोराला कळता कामा नये. दोघींनी मिळून वाळलेलं झाड कापलं आणि जंगलातून मनगटाएवढं दुसरं आणून लावलं. ऑगस्टमध्ये सासू गेली. र्‍याबिना तोडली की वर्षाच्या आत त्या घरातून एक तिरडी निघते, असं गावात म्हणतात. तेव्हापासून कापितोलिनाने हे कुणालाच सांगितलं नव्हतं, पाद्र्यालाही नाही.

"बकरीने खाल्ली होती," येफीम म्हणाला. "ती जुनी."

कापितोलिनाने त्याच्याकडे वळून पाहिलं. तिला वाटलं आपण ऐकण्यात चुकलो.

"तुला... तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? जुनीला गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन फाटे होते. मी त्या बेचक्यात बसून पाव खायचो. आईच्या मयताला आलो, तर फाटकात सरळसोट काठी उभी, आणि कोठीत जुनीचे कापलेले ओंडके, त्यांवर बकरीच्या दातांच्या खुणा. मी काय आंधळा आहे?"

"एक फाटा मोडला असेल असं मी धरून चालले," प्रास्कोव्या पुटपुटली. मयताच्या वेळी ती उत्तरेला नवऱ्याकडे होती. गावात परतली ती विधवा होऊन, पुष्कळ वर्षांनी. मग एकदम तिच्या ध्यानात आलं आणि तिने छातीवर क्रुसाची खूण केली. "थांब. तोडलं कुणी? म्हणजे आई त्यामुळे..."

"म्हण," कापितोलिना म्हणाली. "म्हणून टाक ना! त्यामुळेच गेली म्हण. मी रोज स्वतःला तेच म्हणते, तू एकदा म्हटलंस तर काय बिघडलं?"

"आजीला कर्करोग होता!" रोदिओन ओरडला. "तुम्ही सगळे वेडे झालात का? पोटाचा कर्करोग! कागद आहेत दवाखान्याचे!"

"ओरडू नकोस," येफीम म्हणाला. "कर्करोग होता, मला माहीत आहे. मीच तिला पुरली." त्याने चहाचा पेला बाजूला सरकवला. बोलायची त्याला सवय नव्हती, आणि एवढ्या लोकांपुढे तर नव्हतीच. "पण करवतीला दोन टोकं असतात. मोठं खोड एकट्याने कापता येत नाही. एका टोकाला आई होती. ती गेली. दुसऱ्या टोकाला कोण असणार? घरात दुसरं होतं कोण? आणि तिच्या पोटात तू."

रोदिओनचं तोंड उघडं राहिलं.

"मग मी मयताच्या रात्री फाटकात गेलो. त्या काठीपुढे बसलो. दातांचं काही बोललो नाही, दातांचा काय संबंध? म्हटलं, हिला सोड. तिला माहीत नव्हतं, बाहेरून आलेली पोर आहे. तुझं एक पान मी तुटू देणार नाही, माझ्या जिवात जीव आहे तोवर. हिला सोड." त्याने सांडलेला चहा बाहीने पुसला. "दातांचं तुम्हीच बोलत राहिलात. मी म्हटलं बोलू देत. निदान हसतात तरी."

आलेव्तीनाच्या हातात अजून मोजपट्टी होती. ती तिने हळूच खिशात सरकवली. आपण मोजायलाच जायला नको होतं असं तिला वाटलं, आणि बरं झालं मोजलं असंही वाटलं.

कापितोलिना उठली. खुबा दुखला म्हणून टेबलाला धरून उभी राहिली.

"चाळीस वर्षं," ती म्हणाली. "चाळीस वर्षं मी तुझ्याकडे बघून घाबरत होते, की याला कळलं तर काय होईल. रस्त्याने कुणी बकरी नेली तरी माझं काळीज हलायचं. आणि तुला ठाऊक होतं! एका शब्दाने बोलला असतास!"

"तू तरी कुठे बोललीस?"

"मी कशी बोलणार? मी तुझी आई मारली असं वाटत होतं मला!"

"आणि मी कसा बोलणार? बोललो असतो तर तू घाबरली असतीस."

"मी घाबरलेलीच होते, गाढवा!"

दोघंही धापा टाकत होते. प्रास्कोव्या डोळे पुसत कचोरीचा तुकडा मोडत होती. आपण आता कुणाच्या बाजूने आहोत हे तिला कळेनासं झालं होतं.

"बरं, आता ऐक," कापितोलिना पुढे झाली. "मी जगले. पोर झालं, मोठं झालं, टक्कल पडलं त्याला. तुझ्या शब्दाचं काम झालं. आता तोड ते झाड."

"नाही."

"येफीम!"

"तसा काही करार नव्हता. अमुक वर्षांपर्यंत, मग मोकळं, असं मी म्हटलेलं नाही."

"मग हे सांग मला. मी जगावी म्हणून तू शब्द दिलास. आणि त्या शब्दापायी नळी येणार नाही, म्हणून मी बर्फात ओंडके वाहायचे. गेल्या हिवाळ्यात नुसतं हाड मोडलं. यंदा पडले आणि उठलेच नाही, तर? ते बसतं का तुझ्या शब्दात?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न येफीमच्या मनात आलाच नव्हता, हे सगळ्यांना दिसलं. तो खुर्चीत मागे टेकला, दोन्ही हात मांडीवर ठेवून, आणि अचानक खूप म्हातारा दिसू लागला. मग तो उठून बाहेर गेला.

"करवत आणायला गेला वाटतं," रोदिओन कुजबुजला.

"जाऊ दे," कापितोलिना म्हणाली. पण ती खिडकीशी गेली.

येफीम झाडापाशी उभा होता. त्याने चुन्यावर हात ठेवला नाही, मिठी मारली नाही. नुसतं वर बघितलं, शेंड्याच्या घोसांवर पाखरं बसली होती तिकडे. आयुष्यभर जे झाड जावं म्हणून कापितोलिना ओरडली होती, ते आता पडणार, आणि मग याला काही झालं तर? ती स्वतःवरच इतकी चिडली की तिने खिडकी थाडकन उघडली.

"ए! हात लावू नकोस तिला!"

"आई!" रोदिओनने डोकं धरलं. "तू आत्ताच म्हणालीस तोड!"

"म्हणाले. आता म्हणतेय नको. तुला काय त्रास आहे?"

"मला? मला काही त्रास नाही! मी सोमवारची सुट्टी टाकून आलोय, मुकादमाला शब्द दिलाय..."

"या घरात आणखी कुणी कुणाला शब्द देऊ नका रे बाबांनो," आलेव्तीना म्हणाली.

येफीम परत आत आला. हात रिकामेच होते. तो सरळ सुनेपुढे येऊन उभा राहिला, शाळेतल्या पोरासारखा टोपी हातात घेऊन.

"आलेव्तीना, तुमच्याकडे ती मागची खोली आहे ना. तिथे दोन माणसं मावतात का?"

आलेव्तीनाने त्या खोलीचा विचार केला. तिथे तिचं टेबल होतं, आराखडे होते, बियांची खोकी होती. मग तिने सासऱ्याच्या हातातल्या टोपीकडे बघितलं.

"मावतात," ती म्हणाली. "टेबल हलवीन मी."

"पहिल्या बर्फापासून बर्फ वितळेपर्यंत. जास्त नाही."

"तू?" कापितोलिनाला खरं वाटेना. "तू शहरात येणार? तू तर म्हणतोस, तिकडे माणसं कपाटात राहतात."

"राहतात की. मीही राहीन."

"आणि कोंबड्या?" प्रास्कोव्याने विचारलं, आणि उत्तर तिच्या लगेच लक्षात आलं. "अगं बाई! म्हणजे कोंबड्या माझ्या गळ्यात!"

"आणि इथे ही एकटी उभी राहील?" कापितोलिनाने फाटकाकडे मान केली. "सबंध हिवाळा? तुझ्याशिवाय?"

"तिला काय होतंय?" येफीम म्हणाला. "तिला थंडी बाधत नाही. तुला बाधते. एवढी साधी गोष्ट कळायला मला इतकी वर्षं लागली."

रोदिओन मुकादमाला नळी नको असा फोन करायला बाहेर गेला. कापितोलिनाला खूप काही बोलायचं होतं. एवढ्या वर्षांचं साठलेलं होतं, आणि त्यातलं निम्मं तर शिव्यांचंच. पण तिची नजर नवऱ्याच्या पायांकडे गेली. चिखलाचे बूट दारात काढून तो मोज्यांवर उभा होता आणि उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

"असले मोजे घालून मी तुला सुनेच्या घरी नेणार नाही," ती म्हणाली, आणि लोकर शोधायला आतल्या खोलीत गेली. दार तिने लावून घेतलं. बराच वेळ आतून लोकरीची पेटी उघडल्याचा आवाज आला नाही.